आहेर सरांचं भिंग

आहेर सर पेशंटला खुर्चीत बसवायचे, दिवा खाली ओढायचे आणि मग पूर्ण एक मिनिट काहीच करायचे नाहीत. हात मांडीवर, आरसा ट्रेमध्ये, आणि सर नुसते बघताहेत. पेशंट आ वासून पडलेला. नवीन माणूस असला तर अर्ध्या मिनिटातच डोळे तिरपे करून माझ्याकडे बघायचा, डॉक्टरांना काही झालं तर नाही ना, अशा नजरेनं. मी हसून मान हलवायचे. "आधी बघायचं, मग हात लावायचा," एवढंच सर म्हणायचे. मी पाच वर्षं कॉलेजात काढली, पण हे एक मिनिट मला तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

सरांना जाऊन आता वर्ष होईल. आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या मंडळानं एक छोटा अंक काढायचा ठरवलंय आणि त्यात सरांवर मी लिहावं असा सगळ्यांचा आग्रह. साहजिकच आहे, मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं आणि आज त्यांचाच दवाखाना चालवते. मी बसले, 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष', 'रुग्णांचे लाडके' असं काहीबाही एक पान लिहिलं आणि फाडून टाकलं. रुग्णांचे लाडके! सरांचा दवाखाना ज्या चार शब्दांमुळे बंद पडला ते माझ्या तोंडून निघाले होते. हे लिहायचं नसेल तर मी सरांवर काही लिहूच नये.

दवाखाना पंचवटीत, पूजासाहित्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना इतका उभा की दाढ दुखणारा माणूस वर येईपर्यंत गुडघाही दुखायला लागायचा. खालून कापराचा वास यायचा, वर आमचं लवंगतेल, आणि दोन्ही मिळून जो काही वास व्हायचा तो माझ्या सगळ्या पंजाबी ड्रेसना कायमचा बसला. सर बागलाणातले. राहायला इंदिरानगरात होते, बोलायचे पुस्तकासारखं शुद्ध, पण सटाण्याकडचा पेशंट आला की गडी एकदम बदलायचा. "कोठे दुखस, दादा?" असं विचारायचे, आणि तो दादा इतका खूश व्हायचा की कुठे दुखतंय हे सांगायच्या आधी दोघांची गावं, नाती आणि कांद्याचे भाव निघायचे. बाहेर बाकावर सहा जण ताटकळलेले. मी घड्याळाकडे बघायचे, सर माझ्याकडे बघायचेच नाहीत.

दाताला ते 'गृहस्थ' म्हणायचे. "हे गृहस्थ हलायला लागलेत, पण अजून पाचेक वर्षं नोकरी करतील." "हे गृहस्थ शेजाऱ्याच्या अंगावर रेलले, म्हणून शेजारी किडला." तारखेच्या कॅलेंडरची रोजची पानं ते फाडून जपून ठेवायचे आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं पेशंटच्या दाताचं चित्र काढून द्यायचे. कुठे कीड, कुठे मूळ, आपण काय करणार, सगळं. "घरी दाखवा, आणि काही शंका असली तर घेऊन या." भाजी मार्केटातल्या अर्ध्या गाळ्यांवर देवाच्या फोटोशेजारी आहेर सरांनी काढलेली दाढ चिकटवलेली असायची. मला हे सगळं फार भाबडं वाटायचं. मी सव्वीस वर्षांची होते, माझे डोळे उत्तम होते, हात चपळ होता, आणि जगात शिकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही अशी माझी खात्री होती.

मी रुजू झाले त्याच्या थोडं आधी सरांनी ते भिंग घेतलं होतं. म्हणजे चष्म्याच्या काचांना दोन छोट्या नळ्या बसवलेल्या असतात, त्यातून दात तिपटीनं मोठा दिसतो. आम्ही लोक त्याला लूप्स म्हणतो, सर भिंगच म्हणायचे, आणि पेशंट म्हणायचे दुर्बीण. कुठल्याशा परिषदेत स्टॉलवर ते सहज डोळ्यांना लावलं आणि स्वतःच्याच अंगठ्याकडे दहा मिनिटं बघत उभे राहिले, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. "मंजिरी, सत्तावीस वर्षं मी अंधारात चाचपडत होतो गं. आणि लोक मला हुशार म्हणत होते." स्कूटर बदलायची ठरली होती, ती राहिली आणि भिंग आलं. ते त्यांच्या मापानं बनवून घेतलेलं होतं, दोन बुबुळांमधलं अंतर, बसायची पद्धत, मान किती वाकते, सगळं मोजून. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना ते बसणार नाही, आणि त्याचा सरांना उगाचच अभिमान होता.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ते लावून बघायला सांगितलं. मी लावलं आणि आरसा पेशंटच्या तोंडात न्यायचा तो त्याच्या मिशीवर नेला. डोकं गरगरलं. सगळं भलतंच जवळ आणि हात मात्र लांब कुठेतरी. मी काढून परत दिलं.

"सर, मला नको. माझे डोळे चांगले आहेत."

"डोळे चांगलेच आहेत तुझे. दात बारीक आहे," सर म्हणाले. "महिनाभर त्रास होतो, मग सवय लागते. आणि मानही वाचते. तू आत्ता कशी वाकतेस बघ, विहिरीत डोकावल्यासारखी."

मी तेव्हा हसले. आज माझी मान दर थंडीत त्याची आठवण करून देते.

पण भिंगाबरोबर सरांनी जे दुसरं सुरू केलं त्याला तोड नव्हती. आपणच पूर्वी केलेली कामं आता त्यांना तिपटीनं मोठी दिसायला लागली. आणि दिसलं की ते सांगायचे. भाजी मार्केटातले आडते सोनवणे आप्पा एकदा दात साफ करायला आले होते. सरांनी भिंग लावलं, त्यांचं ते मिनिटभर बघणं झालं, आणि मग म्हणाले, "आप्पा, ही खालची फिलिंग मीच केलेली आहे. पण नीट झालेली नाही. कडेला फट राहिलीय. मी परत करून देतो, त्याचे पैसे नाहीत."

आप्पा उठूनच बसले. "सर, पाच वर्षांत ती कधी दुखली नाय. आन तुम्हीच म्हणता खराब हाय?"

"हो. तेव्हा मला दिसली नव्हती."

"मंग आता काय दिसायला लागलं?"

सर भिंगाकडे बोट करून हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी फिलिंग करून घेतली, पण जिना उतरताना खालच्या दुकानदाराला म्हणाले ते मी खिडकीतून ऐकलं, "सरांचं काम आता पहिल्यासारखं ऱ्हायलं नाय बुवा. सोताच सांगतात."

मी सरांना म्हटलं, "सर, कशाला सांगायचं? गुपचूप बदलून टाकायची ना."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पेशंट आहे आणि माझं मिनिट सुरू झालंय. "दिसलं ते सांगायचं नसेल तर बघायचं कशाला?" मग हात धुवायला गेले.

आप्पांसारखे आणखी चारपाच झाले. पंचवटीत बातमी पसरायला रस्ता लागत नाही, ओटा पुरतो. आहेर सरांना दिसत नाही, दुर्बीण लावून काम करतात, जुनी कामं परत परत करतात. खरं तर नाशिकमध्ये तेव्हा इतकं स्वच्छ बघून काम करणारे फार थोडे असतील. वरच्या दाढेला मुळं तीन असतात, पण त्यांच्या आतल्या बारीक वाटा पुष्कळदा चार निघतात. ती चौथी केसाएवढी. ती राहून गेली की रूट कॅनाल करूनही दाढ ठणकत राहते आणि पेशंट डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतो. सर भिंगातून ती चौथी वाट शोधायचे आणि सापडली की लहान मुलासारखे मला हाक मारायचे. हे मला माहीत होतं. हे माहीत असलेलं माणूस पंचवटीत एकच होतं, आणि ते मी होते.

एका संध्याकाळी शुक्ल काकू आल्या. गल्लीतल्या भटजींच्या घरच्या, तोंडानं गोड, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट आरतीच्या आत रामकुंडापर्यंत पोचायची. सर आतल्या खोलीत उपकरणं धूत होते, नळ सोडलेला होता. काकूंनी माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"काय गं मंजिरी, सरांना दिसेनासं झालंय का? ते काहीतरी डोळ्यांना लावतात म्हणे."

आता इथे मी फक्त इतकंच म्हणायला हवं होतं, की काकू, त्यानं जास्त दिसतं, आणि मी पण लावायला हवं. काकूंनी तेही तितक्याच हौसेनं गल्लीभर सांगितलं असतं. मी हसले, खांदे उडवले आणि म्हणाले,

"वय झालं ना आता."

सर तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते.

मी हे का बोलले, याची सोयीची कारणं मी पुष्कळ वर्षं जमवली. घाईत होते, काकूंना कटवायचं होतं, गमतीत बोलले. यातलं एकही खरं नाही. काकूंना मी आवडायला हवं होतं. त्यांनी पुढच्या वेळी 'मंजिरी आहे का' असं विचारत यावं असं मला वाटत होतं. माझे स्वतःचे पेशंट मला हवे होते आणि ते सरांच्या बाकावरून उचलायला मी तयार होते. एवढी साधी आणि एवढी हलकी गोष्ट आहे ती. काकूंनी समजूतदार मान हलवली आणि म्हणाल्या, "मग माझी दाढ तूच बघ गं बाई."

दोन महिन्यांत बाकावरची माणसं माझ्यासाठी थांबू लागली. "सर मोकळे आहेत, त्यांच्याकडे जा," असं म्हटलं तर लोक खाली मान घालून "नाही, आम्ही थांबतो मॅडम" म्हणायचे. सर आतल्या खुर्चीशी उभे राहून कॅलेंडरची पानं सारखी करत राहायचे. त्यांना बाहेरचं सगळं ऐकू यायचं. मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

मग एका सोमवारी खुंटीवर भिंग नव्हतं.

"सर, भिंग?"

"घरी ठेवलं. पेशंट घाबरतात." असं म्हणून ते पेशंटवर वाकले. पूर्वीसारखेच, विहिरीत डोकावल्यासारखे.

त्या क्षणी सुद्धा मी सांगू शकले असते. सर, लोक भिंगाला घाबरत नाहीत, मी काकूंना असं असं बोलले, मी त्यांना परत सांगते, तुम्ही भिंग आणा. मी कापसाचे बोळे वळत राहिले.

जाधव म्हणून एक पेशंट होते, ओझरच्या कारखान्यात फिटर. वरची दाढ दुखत होती. पहिल्या खेपेला ते आले तेव्हा सरांना भिंग लावलेलं बघून खूश झालेला हा एकच माणूस. "आमच्याकडं पार्ट भिंगाखालून गेल्याबिगर पुढं जात नाय, सर. दात तर लयच बारीक काम." सरांना तर असा माणूस म्हणजे दिवाळी. त्या दिवशी दोघांनी मिळून एक कॅलेंडरचं पान दोन्ही बाजूंनी भरून टाकलं. दाढ उघडून, औषध ठेवून सरांनी त्यांना पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या पंधरा दिवसांत भिंग घरी गेलं होतं.

जाधव परत आले तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर काम करत होते. सर ती चौथी वाट शोधत होते. बराच वेळ. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग मशीन थांबलं. सर सरळ बसले, हातमोजे काढले आणि मास्क खाली केला.

"जाधव, तुमच्या दाढेच्या तळाला माझ्या हातून भोक पडलंय. वाट समजून मी चुकीच्या जागी शिरलो. बुजवायचा प्रयत्न करतो, पण दाढ राहीलच असं सांगता येत नाही."

जाधवांच्या तोंडात कापूस होता. तो काढून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "सर, ते भिंग कुठंय?"

"लावलं नव्हतं," सर म्हणाले.

का लावलं नव्हतं, हे ते बोलले नाहीत. कुणावर ढकललं नाही, पेशंट घाबरतात असंही म्हणाले नाहीत. मी चार फुटांवर होते. माझ्या हातातला पेशंट "मॅडम, झालं का" असं विचारत होता. मी त्याला म्हटलं, "झालंच."

सरांनी घरून भिंग आणून ती जागा शक्य तितकी बुजवली. तरी तीन महिन्यांत खालचं हाड झिजलं आणि दाढ काढावी लागली. ती सरांनीच काढली. त्या दिवशी जाधव गेल्यावर ते खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "मंजिरी, दवाखाना तू घे. लोक तुझ्याकडेच येतात. मी आता ज्या पद्धतीनं काम करायला पाहिजे तसं केलं तर लोक येणार नाहीत, आणि लोकांना पाहिजे तसं केलं तर त्यांचे दात जातील."

मी "असं काय सर" म्हटलं. एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला मला भीती वाटली की ते विचार बदलतील.

तर अशी मी दवाखान्याची मालकीण झाले. पाटी बदलली, खुर्ची बदलली, जिना तोच राहिला. सर एका कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जात. भेटले की मनापासून चौकशी करत. मी दिवाळीला फराळ घेऊन इंदिरानगरला जायचे, ते चिवडा खात खात नवीन काय वाचलं ते सांगायचे आणि मी खाली मान घालून चहा प्यायचे. दरवर्षी जाताना ठरवायचे की या वेळी सांगायचं. दरवर्षी डबा रिकामा करून परत यायचे.

चाळिशी उलटली आणि मला जवळचं धूसर दिसायला लागलं. मी लूप्स घेतले. महिनाभर डोकं गरगरलं, मग सवय झाली, आणि मग जे दिसायला लागलं ते बघवेना. माझीच कामं. कडांना फटी, राहून गेलेल्या वाटा, दातापेक्षा जाड बसवलेल्या कॅपा. शुक्ल काकूंची ती दाढ सुद्धा, जी मोठ्या तोऱ्यात मी केली होती. उत्तम डोळ्यांनी केलेली ही सगळी कामं.

आणि पेशंट? ते खूश. काळ बदलला होता. "मॅडमकडे लेटेस्ट मशीन आहे," असं काकू गल्लीत सांगत सुटल्या. ज्या गोष्टीपायी सरांना लोकांनी म्हातारं ठरवलं, तिच्याचमुळे मी हुशार ठरले. मी काकूंना काय सांगितलं माहीत आहे? "काकू, जुनी कॅप झिजलीय, बदलू या." झिजलीय! ती पहिल्या दिवसापासून चुकीची होती. 'हे मीच केलंय आणि नीट झालेलं नाही' हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. सर ते हसत हसत बोलायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सरांचा फोन आला. वरची डावी दाढ ठणकतेय, तू बघशील का. मी म्हटलं, मी घरी येते, ते म्हणाले, घरी खुर्ची कुठे आहे.

उभा जिना ते कठड्याला धरून, मधे दोनदा थांबून चढले. अंगानं निम्मे झाले होते. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "बघ सावकाश." मी मशीनला हात लावला नाही. पूर्ण मिनिटभर बघत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

भूल दिली, दाढेभोवती रबराचा पडदा लावला. आता त्यांना बोलता येणार नव्हतं. मी मोठी धीट, तोच मुहूर्त साधला. काम करता करता सगळं सांगून टाकलं. काकू, नळ सोडलेला होता ते, ते चार शब्द, मला पेशंट हवे होते ते, खुंटीवर भिंग नव्हतं तेव्हा मी गप्प बसले ते. लूप्सच्या काचा आतून ओल्या झाल्या आणि मला थांबावं लागलं. सर वर छताकडे बघत होते. मी काचा पुसल्या, चारही वाटा शोधल्या, साफ केल्या, भरून बंद केल्या. त्या तासाभरात एवढं एकच काम मी नीट केलं.

पडदा काढला. सरांनी चूळ भरली, अर्धी शर्टावर सांडली, रुमालानं टिपली. मी म्हटलं, "सर, मला माफ करा."

त्यांचा डावा ओठ बधिर होता. शब्द जड येत होते, पण कळत होते.

"जाधवांना सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"माझं राहू दे," सर म्हणाले. "भिंग मी काढलं. लोकांच्या बोलण्याला भिऊन मी काढलं, ते तू नाही काढलंस. पण दाढ त्यांची गेली. त्यांना मी अर्धंच सांगितलं होतं, कारण उरलेलं मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

इतकी वर्षं मी रात्रंदिवस अपराधी होते, आणि त्यात जाधव एकदाही आले नव्हते. माझ्या अपराधात फक्त सर होते आणि मी होते. ज्याच्या तोंडात आज त्या जागी पोकळी आहे तो माणूस मी हिशेबातच धरला नव्हता.

मी ओझरला गेले, पण त्याला चार महिने लावले, आणि तोवर सर गेले होते. हृदयविकारानं गेले, झोपेत. जाधव निवृत्त झालेत, अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मला वाटलं सर इसरले आसतील भिंग. मानूस इसरतो. म्हणून मी काय बोललो नाय." मग नळी खाली ठेवून विचारलं, "सरांना हे ठाऊक होतं का?"

"शेवटी सांगितलं."

"लय उशीर केला, मॅडम," जाधव म्हणाले, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. हे सरांना सांगायचं राहिलं. त्यानंतर मी काकूंना बोलावून घेतलं आणि ती कॅप झिजली नव्हती, मीच चुकीची बसवली होती, हे सांगितलं. काकूंनी माझ्याकडे सोनवणे आप्पांसारखंच बघितलं. पुढच्या महिन्यापासून त्या दुसरीकडे जातात असं कळलं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांची दाढ केली त्याच दिवशी. मी खाली सोडायला येते म्हटलं, त्यांनी हातानं नको म्हटलं, आणि पायऱ्या मोजत उतरले. मी खिडकीशी उभी राहिले. खाली भर दुपारची गर्दी, रिक्षा, दुचाक्या, फुलांच्या टोपल्या. सरांनी एक रिक्षा थांबवली आणि पत्ता सांगितला. रिक्षावाल्यानं कान पुढे केला. सरांनी परत सांगितलं. बधिर ओठातून शब्द धड निघेना. रिक्षावाल्यानं शेजारच्या फुलवाल्याकडे बघून डोळा मारला, बोटानं कानशिलाजवळ गोल फिरवलं, आणि दोघं हसले. म्हातारा आहे, काय बोलतो त्याचं त्याला कळत नाही, असं.

मी खिडकीचं दार ढकललं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "इंदिरानगर! अहो, सरांना नीट कळतंय सगळं! मी भूल दिलीय त्यांना, म्हणून ओठ हलत नाहीये! इंदिरानगरला न्या!"

सगळी गल्ली वर बघायला लागली. खालचा पूजासाहित्यवाला बाहेर आला. रिक्षावाला ओशाळला आणि त्यानं सरांचा हात धरून त्यांना आत बसवलं. सरांनी मान बाहेर काढून वर बघितलं. ते हसले की नाही ते मला सांगता येणार नाही, त्यांचा अर्धा चेहरा माझ्याच भुलीखाली होता. रिक्षा निघाली, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होते.